आपानं लस का घेतली नव्हती

(युवा अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, पुण्यात नोकरी करतो. संयोजकांनी मला ‘लस आणि अफवा’ असा विषय दिला होता. तो मी थोडा बदलून घेतला. अफवांवर आपण भरपूर बोललो आहोत. आणि दर वेळी त्या बोलण्यातला माणूस ठरलेला असतो: आपल्या मोहल्ल्यातला, न शिकलेला, व्हॉट्सॲपवर आलेलं सगळं खरं मानणारा. आज मी ज्या माणसाबद्दल बोलणार आहे तो शिकलेला आहे, आयसीयूत काम करतो, त्यानं आजवर हजारो लोकांना इंजेक्शनं दिली आहेत. आणि तरीही जानेवारी २०२१ मध्ये त्यानं कोरोनाची लस घ्यायला नकार दिला. तो माणूस म्हणजे माझी मोठी बहीण. आम्ही तिला आपा म्हणतो, मोहल्ला ‘सिस्टर’ म्हणतो.

तिला विचारूनच बोलतोय. तिची एकच अट होती, दवाखान्याचं नाव घ्यायचं नाही. तेव्हा ते घेणार नाही.

आपा तेव्हा नर्सिंगमध्ये एकोणीस वर्षं काढलेली. नर्सिंग शाळेत असतानाच हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस घेतलेले, कारण सुई टोचून घेण्याची भीती त्या कामात रोजची. स्वतःच्या दोन्ही मुलांचं लसीकरणाचं कार्ड पूर्ण. गल्लीतल्या निम्म्या पोरांना पोलिओचे थेंब तिच्याच हातून मिळालेले. म्हणजे लसविरोधी वगैरे काही नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं ऐकताना तुम्ही तिला चटकन एका खणात टाकाल. मीही टाकलं होतं.

१६ जानेवारी २०२१ ला देशभर लसीकरण सुरू झालं. पहिला नंबर आरोग्य कर्मचाऱ्यांचा. महाराष्ट्रात २८५ केंद्रं, प्रत्येकी शंभर जण, म्हणजे पहिल्या दिवशी २८,५०० जणांना लस द्यायची होती. आले साधारण १८ हजार. दुसऱ्या दिवशी चर्चा सुरू: डॉक्टर, नर्सच घाबरले तर सामान्य माणसानं काय करायचं?

इथं माझ्या धंद्याची एक कबुली द्यायला हवी. त्या आकड्यात भीती होती, पण सगळीच भीती नव्हती. नोंदणी होती को-विन या ॲपवर आणि ते ॲप पहिल्याच दिवशी अडखळलं. कुणाला मेसेज रात्री उशिरा आला, कुणाला आलाच नाही. या गोंधळामुळे राज्य सरकारनं पुढचे दोन दिवस लसीकरण थांबवलं. शिवाय गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना तेव्हा लस द्यायची नव्हती. अंगावर पाजणाऱ्यांना ती परवानगी मे २०२१ मध्ये मिळाली, गरोदर बायकांना जुलैमध्ये. आता सांगा, नर्सिंगमध्ये कोण असतं? बहुतेक तरुण बायका. यादीत नाव आहे पण नियमाप्रमाणे घेता येत नाही, अशा किती जणी असतील? आमच्याकडे डॅशबोर्डवर एक खूण असते, ‘आला’ आणि ‘नाही आला’. का नाही आला, याचा रकाना नसतो. मग बाहेरचा माणूस तो रकाना आपल्या मनानं भरतो आणि लिहितो, ‘घाबरला’.

पण आपाला मेसेज आला होता. वेळेवर आला होता. ती गेली नाही.

मी तेव्हा वर्क फ्रॉम होम, म्हणजे गावाकडेच. मला धक्का बसला आणि खरं सांगायचं तर रागही आला. घरात एक इंजिनीअर असताना असं कसं होऊ शकतं? मी एका रविवारी एकोणीस स्लाइडचं प्रेझेंटेशन बनवलं. देवीचा रोग कसा गेला, पोलिओ कसा गेला, आलेख, बाण, सगळं. तिच्या घरी लॅपटॉप घेऊन गेलो. ती लसूण सोलत होती. सोलता सोलता सगळं ऐकलं. संपल्यावर हात पुसले, मोबाईल काढला आणि एक फोटो माझ्यासमोर धरला. ‘हे वाच. मोठ्यानं वाच.’

तो कोव्हॅक्सिनचा संमतीचा कागद होता. त्यात लिहिलं होतं की या लशीची परिणामकारकता अजून सिद्ध व्हायची आहे, तिसऱ्या टप्प्याची चाचणी चालू आहे.

ती म्हणाली, ‘हे मी लिहिलेलं नाही. व्हॉट्सॲपवरही आलेलं नाही. त्यांनीच लिहिलंय आणि खाली माझी सही मागितलीय. तुमच्या कंपनीत टेस्टिंगचा रिपोर्ट यायच्या आधी काम चालू करतात का?’

मी म्हणालो, नाही. (खरं तर करतात. शुक्रवारी संध्याकाळी करतात आणि शनिवार-रविवार आमची वाट लागते. पण ते तिला सांगायची ती वेळ नव्हती.)

तिच्या बाजूचे मुद्दे जरा नीट मांडतो, कारण त्या दिवसांत ते कुणी नीट मांडलेच नाहीत. कोव्हॅक्सिनला ३ जानेवारी २०२१ ला मंजुरी जाहीर झाली. तिसऱ्या टप्प्याची चाचणी २५,८०० स्वयंसेवकांवर नोव्हेंबरमध्ये सुरू झाली होती. लस किती वाचवते याचा एकही आकडा तेव्हा बाहेर आलेला नव्हता. मंजुरीतच शब्द होते, ‘क्लिनिकल ट्रायल मोड’. म्हणजे लस घेणाऱ्यानं त्या वेगळ्या कागदावर सही करायची, सात दिवस ताप-दुखण्याची नोंद ठेवायची. कोविशील्डला असला कागद नव्हता. आणि कुठली घ्यायची हे तुम्ही ठरवायचं नाही. केंद्रावर जी येईल ती. महाराष्ट्रात कोव्हॅक्सिन मोजक्याच केंद्रांवर होती. आपाचं केंद्र नेमकं त्यातलं.

ती एकटी नव्हती. त्याच १६ जानेवारीला दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांनी वैद्यकीय अधीक्षकांना पत्र लिहिलं होतं, कोव्हॅक्सिनच्या चाचण्या पूर्ण झालेल्या नाहीत म्हणून आम्हाला धाकधूक आहे, आम्हाला कोविशील्ड द्या. लिहिणारे एमबीबीएस झालेले. पत्र इंग्रजीत, संघटनेच्या लेटरहेडवर.

बरं, हे फक्त आपल्याकडं झालं असंही नाही. अमेरिकेत वृद्धाश्रमांत पहिल्या महिन्यात जी लसीकरण मोहीम झाली, तिथं राहणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी साधारण ७८ टक्क्यांनी लस घेतली आणि त्यांची सेवा करणाऱ्या कर्मचाऱ्यांपैकी साधारण ३८ टक्क्यांनी. निम्मे. तिथं तर फायझर-मॉडर्नाच्या चाचण्यांचे आकडे आधीच आलेले होते. म्हणजे नुसता आकड्यांचा प्रश्न नव्हता.

आपाच्या बाबतीतही नुसता कागदाचा प्रश्न नव्हता, हे मला उशिरा कळलं. त्या रविवारी नाही, नंतर हळूहळू, तुकड्यातुकड्यांनी. एक एन-९५ मास्क त्यांनी पाच-पाच दिवस वापरला होता. २०२० च्या उन्हाळ्यात काही दिवस पीपीई किट म्हणून रेनकोट मिळाला होता. कंत्राटावरची एक नर्स कोरोनानं गेली, आपाची जोडीदार, दोघी एकाच पाळीत. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी केंद्र सरकारचा ५० लाखांचा विमा होता. तिचा नवरा कागद घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर. कधी म्हणायचे नेमणूकपत्र आणा, कधी कोविड वॉर्डात ड्यूटी होती याचा दाखला आणा. आपा म्हणाली, ‘मास्क मागितला तेव्हा ज्यांच्याकडं उत्तर नव्हतं, ते आता म्हणतात सही कर, आम्ही आहोत ना.’

आणि एक गोष्ट तिला फार खुपली होती. लस घेतल्यानंतर कुणी दगावल्याची बातमी आली की चोवीस तासांत दुसरी बातमी यायची, लशीचा संबंध नाही. मुरादाबादचा एक वॉर्डबॉय लस घेतल्यावर दुसऱ्या दिवशी गेला. शवविच्छेदनात हृदय आणि फुप्फुसाचा आजार निघाला. तसंच असणार. लाखो लोकांना लस दिली तर त्यातले काही जण त्याच आठवड्यात लशीविनाही जाणारच होते. आमच्याकडंसुद्धा नवीन काम चालू केल्यावर सर्व्हर पडला तर पहिला संशय नव्या कामावर येतो आणि कितीदा तरी कारण भलतंच निघतं. पण आम्ही लॉग उघडून दाखवतो. इथं कुणी समजावून सांगत नव्हतं, फक्त ‘नाही’ सांगत होतं. लशीनंतरच्या घटना तपासणाऱ्या समितीनं पहिला मृत्यू लशीच्या तीव्र ॲलर्जीमुळे झाल्याचं मान्य केलं, ते जाहीर झालं जून २०२१ मध्ये. कोट्यवधी डोस झाल्यानंतर असा एक मृत्यू, म्हणजे लस सुरक्षितच म्हणायची. पण हीच तपासणी जानेवारीपासून उघडपणे, रोजच्या रोज झाली असती तर आपासारख्यांना त्या ‘नाही’वर विश्वास ठेवणं सोपं गेलं असतं.

आता माझी बाजू. मला तेव्हा वाटत होतं आणि आजही वाटतं की तिनं लस घ्यायला हवी होती. मेलेला विषाणू वापरून लस करण्याची पद्धत जुनी आहे, पोलिओची पहिली लस तशीच होती. पहिल्या दोन टप्प्यांच्या चाचणीत सातशेच्या वर लोक होते, गंभीर काही निघालं नव्हतं. परिणामकारकता माहीत नव्हती, हे खरं. पण ती आयसीयूत होती. सॉफ्टवेअरमध्ये रिलीज पुढं ढकललं तर बहुतेक वेळा क्लायंट ओरडतो, बाकी काही होत नाही. साथीत थांबण्याची किंमत असते. तिनं विचारलेला प्रश्न बरोबर होता, पण माझ्या कंपनीची उपमा तिथं पुरत नव्हती. ते मला त्या दिवशी सुचलं नाही. मी लॅपटॉप बंद करून घरी आलो.

आता खरी गोष्ट.

१ मार्चला साठीच्या वरच्यांसाठी आणि आजार असलेल्या पंचेचाळिशीच्या वरच्यांसाठी लस सुरू झाली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सायकलचं दुकान आहे. तिथले चाचा चौसष्ट वर्षांचे, साखर होती. आपा ड्यूटीला जाताना रोज त्यांच्या समोरून जायची. एक दिवस त्यांनी विचारलं, ‘क्या बेटी, सुई ली क्या तू?’

आपा म्हणाली, ‘नै चाचा, अभी नै ली. थोडा रुको.’

बस्, एवढंच. आपाच्या डोक्यात त्या ‘थोडा’ शब्दाला अर्थ होता: तिसऱ्या टप्प्याचा आकडा येईपर्यंत, आणि तेही कोव्हॅक्सिनपुरतं. पण दुकानात पंक्चर काढायला आलेल्या माणसाला काय ऐकू गेलं? ‘सिस्टर खुद नै ली.’ आठवड्याभरात हे वाक्य मशिदीच्या कट्ट्यापासून चक्कीपर्यंत पोचलं. त्याच कट्ट्यावर आधीपासून काय काय फिरत होतं तुम्हाला माहीत आहे: लशीत डुकराची चरबी आहे, मूल होत नाही, चिप आहे. कोविशील्डमध्येही नाही, कोव्हॅक्सिनमध्येही नाही, डुकराचं जिलेटिन कशातच नव्हतं. पण त्या अफवांना आतापर्यंत साक्षीदार नव्हता. आता मिळाला. आणि तोही कसा? सफेद ॲप्रनवाला, एकोणीस वर्षं दवाखान्यात काढलेला.

मी यावर खूप विचार केला आहे. डॉक्टरची किंवा नर्सची शंका खाली पोचते तेव्हा तिच्या अटी वाटेतच गळून पडतात. ‘अमुक लस, तमुक कारणासाठी, या तारखेपर्यंत नको’, यातलं फक्त ‘नको’ उरतं. मोठा फोटो फॉरवर्ड होत होत धुरकट होतो ना, तसं. आपानं खोटं काही सांगितलं नव्हतं. संमतीचा कागद खरा होता. तरी गल्लीत जे पोचलं ते खोटं होतं.

३ मार्चला कोव्हॅक्सिनचा पहिला आकडा आला. दुसऱ्या दिवशी आपानं मला बोलावलं, या वेळी लॅपटॉपशिवाय. पेपरात होतं, ८१ टक्के. ती म्हणाली, हे कसं काढलं ते सांग. मी सांगितलं: चाचणीत दोन गट, एकाला लस, एकाला नुसतं पाणी समज. दोन्हीत मिळून ४३ जणांना लक्षणांसह कोरोना झाला. त्यातले ३६ पाण्याच्या गटातले, ७ लशीच्या. तिनं औषधाच्या बिलाच्या मागं स्वतः गणित केलं. ३६ च्या जागी ७. पाच भागांतले चार वाचले. मग म्हणाली, ‘४३ म्हणजे फार थोडे झाले.’ मी म्हणालो, हो, हा मधला आकडा आहे, पुढं बदलेल. (तो पुढं ७७.८ टक्के झाला, नोव्हेंबरमध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. फार बदलला नाही.) ती म्हणाली, ‘चालतंय. मी आकडा मागितला होता, आकडा दिला.’ चार-पाच दिवसांत तिनं लस घेतली, त्याच केंद्रावर, कोव्हॅक्सिनच. त्याच आठवड्यात तो ‘ट्रायल मोड’ही सरकारनं काढून टाकला.

मग ती चाचांकडं गेली. ‘चाचा, मी घेतली, आता तुम्ही घ्या.’ चाचा म्हणाले, बघू. आता गल्लीचं मत बनलेलं होतं, तिचं बदललं म्हणून गल्लीचं थोडंच बदलतं? पुन्हा गेली. चाचा म्हणाले, रमज़ान के बाद. आपानं सांगितलं की इंजेक्शननं रोजा तुटत नाही, मौलानांनीच सांगितलंय. हो म्हणाले. एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात एकदा गेलेही, अंगठ्यावर ग्रीस तसंच, आधार कार्ड घेऊन. पण आठवत असेल तुम्हाला, त्याच दिवसांत राज्यात ठिकठिकाणी साठा संपून केंद्रं बंद पडत होती. परत आले.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांना ताप आला. ते दिवस मी वर्णन करत नाही, तुमच्यातल्या बहुतेकांच्या घरात ते होऊन गेलेत. बेड मिळाला, ऑक्सिजनही मिळाला, आपानंच धावपळ केली. अकराव्या दिवशी गेले.

आपानं मला एकदाच विचारलं. ‘तू गणितवाला आहेस. मार्चमध्ये पहिला डोस झाला असता तर?’ मला ढोबळ उत्तर देता आलं असतं. एका डोसचं संरक्षण किती, किती दिवसांनी, साखर असलेल्या माणसात किती. लाखभर माणसांसाठी ते गणित मांडता येतं. एका चाचांसाठी मांडता येत नाही. मी म्हणालो, माहीत नाही आपा. ती म्हणाली, बरं.

त्यानंतर तिनं जे केलं ते माझ्या एकोणीस स्लाइडना कधीच जमलं नसतं. मे महिन्यापासून, दोन पाळ्यांच्या मध्ये, ती घराघरात बसायला लागली. मोबाईलमध्ये संमतीच्या कागदाचा फोटो होताच. ती सुरुवातच अशी करायची, ‘मी आधी घेतली नव्हती. हे बघा, का नाही घेतली. मग हे आलं, म्हणून घेतली.’ लोक तिला विचारायचे, घाम फुटला का, पाळी चुकली का, मूल होईल का. ती माहीत असेल ते सांगायची, माहीत नसेल तिथं ‘डॉक्टरांना विचारून सांगते’ म्हणायची आणि खरंच विचारून परत यायची. आशाताई तिच्याबरोबर असायच्या. जूनमध्ये काही दिवस नव्हत्या, कारण राज्यातल्या सुमारे ७० हजार आशा तेव्हा मानधनासाठी संपावर होत्या. घरोघरी फिरून लोकांना विश्वास द्यायचा ज्यांनी, त्यांनाच पगार नाही, मानधन, आणि तेही मागायला संप. संप मिटला, हजार रुपये वाढले आणि वर पाचशे कोविड भत्ता.

नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे म्हणाले की मुस्लिमबहुल भागात अजून संकोच आहे, म्हणून सलमान खान आणि धर्मगुरूंची मदत घेऊ. हेतू चांगलाच असणार. आपा ती बातमी वाचून खूप हसली. म्हणाली, ‘सलमानला कशाला त्रास, मला आठवड्याची एक सुट्टी द्या.’

मला मात्र त्या वाक्यात एक वेगळी गोष्ट टोचली. दिल्लीतले डॉक्टर थांबले तर त्याला पुराव्याचा प्रश्न म्हणायचं. अमेरिकेतल्या कर्मचाऱ्यांनी नाही म्हटलं तर त्यावर अभ्यास होतात, वेतन किती, रजा मिळते का, व्यवस्थापनावर विश्वास आहे का. आणि मालेगाव-भिवंडी थांबलं की कारण आधीच ठरलेलं, धर्म. कुणी विचारलं का, की २०२० च्या एप्रिलमध्ये याच लोकांना भाजीच्या गाडीवर नाव विचारलं जात होतं? तबलिगींवरचे गुन्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं ऑगस्ट २०२० मध्ये रद्द केले, त्यांना बळीचा बकरा केलं गेलं असंही म्हटलं. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. तीच यंत्रणा सहा महिन्यांनी सुई घेऊन दारात आली. आपाचं रेनकोटवालं वाक्य आठवा. ते फक्त नर्सचं वाक्य नाही.

पण थांबा, यातून आपल्याला सूट मिळत नाही. अविश्वासाला कारण आहे म्हणून प्रत्येक अविश्वास खरा ठरत नाही. आमच्याच भागात एक डॉक्टर आहेत, चांगली प्रॅक्टिस. मार्चपर्यंत तेही आपासारखंच म्हणायचे, चाचणी पूर्ण नाही. आकडे आल्यावर म्हणाले, आकडे बनवलेले आहेत. डब्ल्यूएचओनं ३ नोव्हेंबरला मान्यता दिली तर म्हणाले, तेही विकलेले आहेत. मग हार्ट ॲटॅक, मग पाच वर्षांनी बघा काय होतं ते. त्यांना मी एकदा विचारलं, डॉक्टरसाहेब, काय दिसलं म्हणजे तुमचं मत बदलेल? ते रागावले. आपाला हा प्रश्न विचारायची गरजच पडली नव्हती. तिनं आधीच सांगून ठेवलं होतं, तिसऱ्या टप्प्याचा आकडा आणा. डॉक्टरसाहेब नंतर उमऱ्याला जाऊन आले. तिकडं लागणारं लशीचं प्रमाणपत्र त्यांच्याकडं होतं. दोन्ही डोस, वेळच्या वेळी घेतलेले. त्यांच्या पेशंटांपैकी किती जणांना हे माहीत आहे, कोण जाणे.

म्हणून तुमच्यापैकी कुणी ‘डॉक्टरच सांगत होते’ असं म्हणालं, तर मी विचारतो, कुठले? थांबलेले की अडून बसलेले?

एक कायद्याची गोष्ट सांगून संपवत आणतो, कारण इथं वकिलीचे विद्यार्थीही दिसतायत. लसीकरणाच्या सक्तीविरुद्ध आणि चाचण्यांची माहिती जाहीर करावी म्हणून सर्वोच्च न्यायालयात जे गेले, ते जेकब पुलियेल स्वतः बालरोगतज्ज्ञ, लसीकरणावरच्या राष्ट्रीय सल्लागार गटाचे माजी सदस्य. २ मे २०२२ ला निकाल आला. न्यायालयानं लसीकरणाचं धोरण मनमानी नाही, वाजवी आहे असं म्हटलं. त्यांच्या विरोधातलंही बरंच मान्य झालं नाही. पण दोन गोष्टी मिळाल्या. कुणालाही जबरदस्तीनं लस देता येणार नाही, शरीरावरचा हक्क कलम २१ मध्ये येतो. आणि चाचण्यांची माहिती लोकांसमोर आली पाहिजे, लशीनंतरच्या त्रासाची नोंद डॉक्टरांना आणि सामान्य माणसांनाही करता आली पाहिजे. मी निकाल वाचून आपाला सांगितलं. ती म्हणाली, ‘हेच तर मी लसूण सोलताना मागत होते.’ मी म्हणालो, हो, पण तू लस घ्यायला हवी होतीस. ती म्हणाली, हो.

आमच्यात हे एवढंच मिटलंय. बाकी तसंच आहे.

चाचांच्या दुकानात आता त्यांचा मुलगा बसतो. आपाला तो काही बोललेला नाही, उलट आदरानं ‘सिस्टर, हवा भरून देऊ का’ विचारतो. तरी आपा ड्यूटीला जाताना अजूनही मागच्या गल्लीनं जाते, पाच मिनिटं जास्त लागतात.

ती आज येणार होती, रात्रपाळी लागली. तुमचे प्रश्न असतील तर लिहून द्या. लशीबद्दलचे मी तिच्याकडं पोचवतो, को-विनचे तेवढे मी घेतो.